शिकारीची गोळी : तोळाभर धातूची कसोटी

बंदुकीत जे भरले जाते त्या सगळ्यालाच आपण बोलताना गोळी म्हणतो. वास्तविक ते काडतूस असते. पितळेचे नळकांडे, त्याच्या बुडाशी ठिणगी पाडणारी छोटी टोपी, आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेला धातूचा निमुळता तुकडा, असा हा चौघांचा संसार. उडतो तो फक्त शेवटचा तुकडा, आणि खऱ्या अर्थाने गोळी म्हणावे ते त्यालाच. अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत एल्क या आपल्या सांबराच्या जातकुळीतील, पण त्याहून थोराड हरणाच्या शिकारीसाठी जी गोळी सर्रास वापरली जाते, तिचे वजन १८० ग्रेन असते. ग्रेन हे जुने ब्रिटिश माप. एका पौंडात ७००० ग्रेन. गंमत अशी की, ब्रिटिश अमदानीत आपल्याकडचा तोळा ठरवला गेला तोही बरोबर १८० ग्रेनचाच. म्हणजे तीनशे किलोंच्या जनावरासमोर शिकारी जे पणाला लावतो ते मोजून एक तोळा असते.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने छंदाच्या शिकारीचे युग संपले आणि ते योग्यच झाले. त्यामुळे हा विषय आपल्या वाचकांना शिकारकथांतूनच ठाऊक. मात्र अमेरिका, कॅनडा, युरोपचा काही भाग आणि दक्षिण आफ्रिका येथे परवाने, ठरलेला हंगाम आणि ठरलेली संख्या यांच्या चौकटीत मोठ्या जनावरांची शिकार आजही चालते. त्यातही गेल्या वीस-पंचवीस वर्षांत लेसर अंतरमापक आणि अचूक दुर्बिणी स्वस्त झाल्यावर चारशे-पाचशे यार्डांवरून किंवा त्याही पलीकडून बार टाकण्याचे वेड वाढले. त्या वेडाबरोबर एक छोटा कारागिरी धंदाही भरभराटीला आला : मोजक्या संख्येत, नळी आणि जनावर पाहून घडवलेल्या गोळ्यांचा. यातील निवड कशी होते आणि ती का चुकते, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण ती चुकली तर किंमत शिकारी मोजत नाही, जनावर मोजते.

मूळ अडचण अशी की, या गोळीकडून दोन परस्परविरोधी कामे अपेक्षित असतात. हवेतून जाताना तिने सुईसारखे असावे, म्हणजे लांब, निमुळते, न बदलणारे. जनावराच्या अंगात शिरताच तिने छत्रीसारखे उघडावे. तिचा व्यास दुपटीच्या आसपास वाढावा आणि तरीही ती फुप्फुसांपर्यंत पोचावी. न उघडणारी गोळी बारीक भोक पाडून आरपार जाते, जनावर मैलोन्‌मैल धावते आणि कुठेतरी झुडपात तडफडत मरते. फार लवकर फुटणारी गोळी खांद्यावरच भुगा होते, वरवरची भयंकर जखम करते आणि आत काहीच पोचत नाही. या दोन चुकांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेवर गोळी घडवणाऱ्यांची शंभर-सव्वाशे वर्षे गेली आहेत.

या इतिहासाचा एक धागा कोलकात्याजवळच्या दमदममध्ये सापडतो. १८९५ च्या चित्रळ मोहिमेत ब्रिटिश सैन्याची नवी, पूर्ण धातुकवचाची गोळी शत्रूला थोपवत नाही, अशी तक्रार आली. तेव्हा दमदमच्या कारखान्यातील कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकाकडचे कवच काढून आतले शिसे उघडे ठेवले. हीच ती कुप्रसिद्ध 'दमदम' गोळी. १८९९ मध्ये हेग येथील परिषदेने शरीरात पसरणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या. शिकारीच्या बाबतीत कायदा नेमका उलटा आहे. इंग्लंडमध्ये हरणावर मऊ किंवा पोकळ टोकाचीच गोळी चालवावी लागते आणि अमेरिकेतील अनेक राज्यांत पूर्ण कवचाच्या गोळीने मोठी शिकार करण्यास बंदी आहे. युद्धात जे क्रौर्य ठरले तेच शिकारीत दयेचे लक्षण ठरले. कारण तेथे हेतू जायबंदी करण्याचा नसून झटपट मरण देण्याचा असतो.

जुन्या शिकाऱ्यांचे काम एका अर्थाने सोपे होते, कारण ते जवळ जात. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांना रिग्बी कंपनीची .२७५ ची रायफल भेट मिळाली. जवळजवळ तेच काडतूस वापरून बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत शेकडो हत्ती पाडले. बेलची गोळी न उघडणारी, लांबट आणि भरीव होती. ती हत्तीच्या कवटीतून सरळ मेंदूपर्यंत जाई, पण नेमका कुठे मारायचा याचे ज्ञान त्याने हत्तींच्या कवट्या कापून मिळवले होते. गोळीचा दोष ज्ञानाने भरून काढता येतो. पण ते पन्नास पावलांवरून. पाचशे यार्डांवरून तसे करता येत नाही.

आधुनिक शिकारी गोळीची कथा १९४६ सालच्या ब्रिटिश कोलंबियातील एका मूसपासून सुरू होते. जॉन नॉस्लर या अमेरिकी शिकाऱ्याच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या त्या प्रचंड जनावराच्या अंगावरच फुटून गेल्या आणि ते लवकर पडेना. परत आल्यावर त्यांनी मधोमध तांब्याची आडवी भिंत असलेली गोळी घडवली. भिंतीच्या पुढचे शिसे मऊ, ते उघडते. मागचे शिसे भिंतीआड सुरक्षित, ते आत ढकलत राहते. १९४८ पासून 'पार्टिशन' या नावाने ती विकली जाऊ लागली आणि आजही विकली जाते. १९६० च्या दशकात आयडाहोतील बिल स्टायगर्स यांनी दुसरा मार्ग काढला. जाड तांब्याच्या आवरणाला आतला शिशाचा गाभा त्यांनी कायमचा जोडून टाकला, म्हणजे आवरण आणि गाभा यांची फारकत होणे थांबले. त्यांच्या छोट्या कार्यशाळेतून गोळ्या मोजक्याच निघत, मागणी मात्र अफाट. पुढे मोठ्या कंपन्यांनी हीच कल्पना आपल्या कारखान्यात आणली. तिसरा मार्ग बार्न्स कंपनीच्या रँडी ब्रूक्स यांचा : शिसे मुळातच काढून टाका. १९८९ मध्ये बाजारात आलेली त्यांची संपूर्ण तांब्याची गोळी टोकाच्या पोकळीतून चार पाकळ्यांत उमलते आणि आपले वजन जवळजवळ सगळे राखते. आजच्या कारागिरांच्या बहुतेक गोळ्या या तीन घराण्यांपैकी एखाद्याच्या, किंवा स्पर्धेतील नेमबाजीच्या पातळ आवरणाच्या गोळीच्या वंशातल्या असतात.

आता अंतराचा प्रश्न. १८० ग्रेनची, बऱ्यापैकी निमुळती गोळी नळीतून सेकंदाला २९०० फूट वेगाने सुटली असे समजू. समुद्रसपाटीच्या हवेत पाचशे यार्डांवर तिचा वेग सुमारे २००० फुटांवर येतो आणि सहाशे ते सातशे यार्डांच्या दरम्यान कुठेतरी तो १८०० च्या खाली घसरतो. हा १८०० चा आकडा महत्त्वाचा आहे, कारण अनेक परंपरागत शिकारी गोळ्या त्याखालच्या वेगाने आदळल्यास नीट उघडतील याची हमी त्यांचे निर्माते देत नाहीत. खास लांब पल्ल्यासाठी मऊ टोकाने घडवलेल्या काही गोळ्यांसाठी ही मर्यादा १३०० फुटांपर्यंत खाली सांगितली जाते. म्हणून निवडीचा पहिला प्रश्न 'ही गोळी किती अचूक?' हा नव्हे. 'माझ्या कमाल अंतरावर ती कोणत्या वेगाने पोचेल आणि त्या वेगाला ती उघडेल का?' हा आहे. कागदी लक्ष्यावर अर्ध्या इंचात पाच छिद्रे पाडणारी गोळी एल्कच्या फासळ्यांतून न उघडता निघून जाऊ शकते. कागद तक्रार करत नाही.

याची दुसरी बाजू बहुतेकजण विसरतात. सहाशे यार्डांसाठी मऊ केलेली गोळी घेऊन शिकारी डोंगर चढतो आणि वळणावर साठ यार्डांवर एल्क उभा ठाकतो. तेव्हा तीच गोळी २८०० फुटांच्या वेगाने खांद्याच्या हाडावर आदळते. एकाच गोळीने दोन्ही प्रसंग निभावणे ही खरी परीक्षा आहे आणि सर्वांत जास्त तडजोडी इथेच होतात. आमच्या मते ज्याला निश्चित ठाऊक नाही की जनावर कुठे भेटेल, त्याने जोडलेल्या गाभ्याची गोळी घ्यावी आणि पल्ल्याचा मोह थोडा आवरावा. डोंगरात बहुधा कोणालाच ते ठाऊक नसते.

हवेतून जाण्याची गोळीची लायकी एका गुणांकाने सांगतात. तो जितका मोठा तितका वेग कमी गमावला जातो आणि वारा कमी ढकलतो. जाहिराती या आकड्यावरच चालतात, आणि येथे ग्राहक हमखास फसतो. हा गुणांक ठरवण्यासाठी एक प्रमाण-गोळी धरावी लागते. 'जी-१' हे प्रमाण सपाट बुडाच्या, आखूड, जुन्या धाटणीच्या गोळीवर बेतलेले आहे. 'जी-७' लांब, निमुळत्या बुडाच्या गोळीवर. एकाच गोळीचा गुणांक पहिल्या प्रमाणाने ०.५ आला तर दुसऱ्याने तो त्याच्या जवळपास निम्मा येतो. एका कारागिराचा जी-१ आणि दुसऱ्याचा जी-७ शेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे किलोमीटर आणि मैल यांची तुलना करण्यासारखे आहे. शिवाय छापील आकडा कधी गणिताने काढलेला असतो, कधी मोजलेला. २०१५ मध्ये हॉर्नडी कंपनीने डॉप्लर रडारने मोजमाप केल्यावर जाहीर केले की, टोकावर बसवलेली प्लास्टिकची नोक हवेच्या घर्षणाने उडता उडता मऊ पडते आणि गुणांक वाटेतच घसरतो. तोवर वर्षानुवर्षे तशा नोकेच्या गोळ्या विकल्या जात होत्या आणि कोणाच्या ते ध्यानीमनी नव्हते.

गुणांक वाढवायचा तर गोळी लांब करावी लागते आणि लांब गोळी हट्टी असते. भोवरा जसा वेगाने फिरला तरच उभा राहतो, तशी गोळी स्वतःभोवती पुरेशी फिरली तरच टोक पुढे धरून चालते. ही गिरकी नळीच्या आतील आटे देतात. दर १० इंचांत एक पूर्ण फेर घेणाऱ्या आट्यांच्या नळीतून २९०० फुटांच्या वेगाने निघालेली गोळी सेकंदाला ३४८० गिरक्या घेत असते. किती लांबीला किती गिरकी लागते याचे एक सोपे सूत्र ग्रीनहिल या ब्रिटिश गणितज्ञाने १८७९ मध्येच मांडले होते. आता अधिक अचूक सूत्रे वापरतात. तांब्याच्या गोळीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. शिशाची घनता ११.३, तांब्याची ८.९, म्हणजे त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होणारच. आजोबांच्या १० इंची आट्यांच्या रायफलीत १८० ग्रेनची शिसेवाली गोळी सुखाने चालते. त्याच वजनाची लांबलचक तांब्याची गोळी मात्र डगमगण्याची भीती असते. अलीकडे लांब पल्ल्याच्या नळ्या ८ इंची आट्यांच्या बनतात त्या यासाठीच. नळी बदलायची नसेल तर तांब्यात वजन कमी करावे, हा व्यवहारी उपाय. हवामानाचाही यात हात असतो. कळसूबाईच्या दीडपट उंचीवर, म्हणजे कोलोरॅडोतील एल्कच्या कुरणांवर, हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे पाचव्या हिश्शाने कमी असते. तेथे स्थिर चालणारी गोळी सखल भागातील कडाक्याच्या थंडीत लटपटू शकते.

मागणीनुसार गोळ्या घडवणारे कारागीर दोन प्रकारचे. एक, तांब्याच्या दांड्यापासून संगणकनियंत्रित लेथवर एकेक गोळी कोरणारे. दुसरे, तयार तांब्याच्या वाटीत शिशाची तार दाबून साच्यात आकार देणारे. पहिल्यांना आकार बदलणे सोपे असते : आट्यांचे माप, नळीचा व्यास, मॅगझिनची लांबी कळवली की त्याप्रमाणे गोळी बेतता येते. दुसऱ्यांची कमाई आवरणाच्या भिंतीची जाडी सर्व बाजूंनी सारखी राखण्यात असते. ती जरा कमीजास्त झाली की फिरणारी गोळी लांबवर आपला कल दाखवते. किंमत कारखान्याच्या साध्या गोळीच्या दुप्पट-तिप्पट सहज होते. हा पैसा कशासाठी, हे घेणाऱ्याने आधी ठरवावे. केवळ अचूकतेसाठी असेल तर आजच्या चांगल्या कारखानी गोळ्या बहुतेक शिकाऱ्यांच्या हातापेक्षा अचूकच असतात. कारागिराकडे जावे ते विशिष्ट नळीला विशिष्ट लांबी हवी म्हणून, किंवा उमलण्याचा विशिष्ट वेग हवा म्हणून. आणि जाताना दोन गोष्टी विचाराव्यात : उमलण्याचा किमान वेग प्रत्यक्ष डागून पाहिला आहे की अंदाजाने सांगितला आहे, आणि पुढच्या वर्षी हीच गोळी मिळेल का. एकट्या माणसाची कार्यशाळा आजारपणात बंद पडते आणि दोन वर्षांची जुळवाजुळव वाया जाते.

शिकाऱ्यांत एक जुना वाद आहे. एक पंथ म्हणतो, पातळ आवरणाची गोळी दोन-तीन इंच आत जाऊन फुटावी आणि सगळी ऊर्जा छातीतच सोडावी. दुसरा म्हणतो, गोळी आरपार जावी; दोन छिद्रे म्हणजे रक्ताचा माग अधिक. लांब अंतरावर, मंदावलेल्या वेगाला, हरणाच्या फासळ्यांवर पहिल्या पंथाची गोळी खरोखरच प्रभावी ठरते. पण एल्क तिरका उभा असेल, किंवा खांद्याचे हाड मध्ये आले, तर ती तोकडी पडते. आम्हाला दुसऱ्या पंथाचे म्हणणे अधिक पटते, कारण जनावर फोटोसाठी उभे असल्यासारखे आडवे क्वचितच उभे राहते.

या वादात गेल्या काही वर्षांत तिसरा पक्ष शिरला आहे आणि तो शिकाऱ्यांचा नाही. फुटणाऱ्या शिसेवाल्या गोळीचे बारीक कण मांसात आणि मागे टाकलेल्या आतड्यांत दूरवर पसरतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ३० हरणांपैकी २४ हरणांच्या खिम्याच्या पुड्यांत धातूचे कण आढळले. त्याआधी २००८ मध्ये नॉर्थ डकोटात एका डॉक्टरने गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या मांसाचे क्ष-किरण चित्र काढले, कण दिसले आणि राज्याने ते दानाचे मांस न वाटण्याचा सल्ला दिला. सर्वांत मोठी किंमत कॅलिफोर्नियातील कॉन्डोर गिधाडांनी मोजली. १९८२ मध्ये त्यांची संख्या २२ वर आली होती. पिंजऱ्यात वाढवून पुन्हा सोडलेली गिधाडेही शिकाऱ्यांनी टाकलेली आतडी खाऊन शिशाने मरत राहिली. अखेर कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून त्या राज्यात शिकारीसाठी शिशाची गोळी पूर्ण बंद झाली. गुरांच्या डायक्लोफेनॅकमुळे आपली गिधाडे कशी संपत गेली आणि २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी का आली, हे ज्यांना आठवते त्यांना कॉन्डोरची कथा वेगळी समजावून सांगायला नको. गोळी निवडताना तांब्याकडे झुकण्याचे हे एक सबळ कारण आहे, आणि अचूकतेची जुनी सबब आता फारशी उरलेली नाही. तांब्याला उमलण्यासाठी साधारणतः जास्त वेग लागतो, म्हणून पल्ला थोडा आखडावा लागतो, एवढेच.

तो आखडणे वाईट नाहीच. वरची १८० ग्रेनची गोळी पाचशे यार्ड कापायला सहा दशांश सेकंदांहून थोडा अधिक वेळ घेते. तेवढ्यात चरणारा एल्क सहज एक पाऊल पुढे टाकतो, आणि छातीत लागणारी गोळी पोटात लागते. ताशी दहा मैलांचा आडवा वारा तिला त्याच अंतरावर सुमारे दीड फूट बाजूला नेतो. दरीच्या अलीकडे एक वारा आणि पलीकडे दुसरा, हे तर नेहमीचेच. कोणताही गुणांक या पावलाचा हिशेब करू शकत नाही. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने, म्हणजे खुद्द शिकाऱ्यांच्याच संस्थेने, जनावराला आपली चाहूल लागण्याची संधीच न देणाऱ्या अंतरावरून बार टाकणे न्याय्य शिकारीत बसत नाही, अशी भूमिका घेतली आहे. आयडाहोने सगळ्या सरंजामासह १६ पौंडांहून जड रायफल मोठ्या शिकारीस वर्ज्य केली आहे, आणि कोलोरॅडोत जखमी जनावराचा माग काढण्याचा प्रयत्न न करणे हा गुन्हा आहे.

गोळी पारखण्याची घरगुती रीत मात्र आजही तीच आहे आणि आम्हा वर्तमानपत्रवाल्यांना ती विशेष भावते. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे रात्रभर पाण्यात भिजवून, एकामागे एक दाबून बसवतात आणि त्यांत गोळी डागतात. ती किती इंच कागद भेदते, किती रुंद उमलते आणि किती वजन राखते, हे पाने उलटून पाहतात. गठ्ठा पाचशे यार्डांवर नेऊन ठेवायचा कंटाळा बहुतेकांना येतो. ते शंभरावरच उरकतात, आणि शंभरावर बहुतेक गोळ्या सुरेख उमलतात. फळीवर मांडून ठेवलेल्या, जनावरातून काढलेल्या चपट्या गोळ्यांचेही तसेच. त्या जनावराच्या अंगात थांबल्या म्हणूनच हाती लागल्या. न उघडता आरपार गेलेल्या गोळ्या डोंगरात कुठेतरी मातीत पडलेल्या असतात, आणि त्यांचे वजन कोणीच केलेले नसते.